पाचवी जागा

पनवेलच्या त्या कॉलेजात काशिराम कोळी पहिल्यांदा आला तो नोकरीला नव्हे, खेकडे घेऊन. तेव्हा तो करंजाच्या एका होडीवर होता. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना खेकडे लागत, माकूल लागे, कधी मुशीचं पिल्लू लागे, आणि एकही नांगी न मोडता ते बर्फातून नीट आणून देणारा दुसरा माणूस विभागाला मिळत नव्हता. पुढे खाडीतली मासळी आटत गेली, मालकाने होडी विकली, आणि त्याच सुमारास विभागाचा जुना शिपाई निवृत्त झाला. विभागप्रमुख सरांनी काशिरामलाच विचारलं. त्याला आता सोळा वर्षं झाली. वय अठ्ठावन्न, अंगाने काटक, बोलणं कमी. पनवेलच्या कोळीवाड्यात एक खोली भाड्याने घेऊन एकटा राहायचा. बायको भामा बाळंतपणात गेली, त्यानंतर त्याने दुसरं लग्न केलं नव्हतं, एवढं कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. त्याला मुलगी आहे, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी विभागात मिताली मॅडम आल्या. त्यांचा विषय मधमाश्या, पण पोळ्यातल्या नव्हेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काशिरामला समोर बसवून समजावलं, कारण काम त्यालाच करायचं होतं.

"मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं, राणी आठवते," त्या म्हणाल्या. "पण बहुतेक जातींना पोळंही नसतं आणि राणीही नसते. एकेक मादी एकटीच राहते. लाकडातलं भोक, बांबूची नळी, भिंतीतली फट, असं काहीतरी शोधते. त्यात पिल्लांसाठी खाणं भरते, अंडी घालते, तोंड बंद करते. सगळं एकटीने. आपण त्यांना नळ्या द्यायच्या आणि त्या काय करतात ते बघायचं."

काशिरामने बोटाएवढ्या जाडीचे बांबू आणले. प्रत्येक नळी एका बाजूला पेराने बंद राहील अशी कापली, आतून घासून गुळगुळीत केली, आणि तीस-तीस नळ्या पत्र्याच्या एकेका डब्यात घट्ट बसवून प्रत्येकीवर रंगाने आकडा टाकला. मॅडमना पाच ठिकाणं हवी होती. कॉलेजची बाग झाली, कर्नाळ्याच्या रस्त्यावरची एक नर्सरी झाली, गव्हाणला एका देवळाचं आवार मिळालं, चिरनेरला मॅडमच्या ओळखीतलं एक शेतघर. पाचवी जागा गोदामांच्या, सिमेंटच्या भागातली हवी होती.

"उरणकडचं द्रोणागिरी बघा," काशिराम म्हणाला.

"द्रोणागिरीला काय मिळणार? सगळे ट्रेलर आणि कंटेनर."

"एक गच्ची हाय, मॅडम. गुलाबाच्या कुंड्या हायत, बोगनवेल हाय. ऊन चांगलं पडतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बघितलीय."

मॅडमनी पुढे विचारलं नाही ते बरं झालं. विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं की ती गच्ची त्याने वर जाऊन कधी बघितलेली नाही. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीशी उभं राहून, खालून बघितली आहे. आणि एकदा नव्हे, गेली कित्येक वर्षं, महिन्या-दोन महिन्यांतून.

त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर भामाची धाकटी बहीण कुंदन राहत होती. भामा गेली तेव्हा मूल चार तासांचं होतं. काशिराम होडीवर आठ-आठ दिवस बाहेर असायचा, त्याची आई सोनाबाई डोळ्यांनी अधू. कुंदनला लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं. बाराव्या दिवशी कुंदन आणि तिचा नवरा दीनानाथ पोरीला घेऊन गेले. कागद झाले नाहीत, कुणी रडलं नाही, कुणाला दुसरं काही सुचलंही नाही. नाव त्यांनीच ठेवलं, रिया.

पहिली दोन वर्षं काशिराम होडी लागली की थेट पोरीकडे जायचा. ती त्याच्या अंगावर झोपायची. तो निघाला की मात्र रडून आकांत करायची, दोन-दोन दिवस जेवायची नाही. शेवटी कुंदन म्हणाली, "दाजी, थोडे दिवस येऊ नका. तिला कळू लागू दे. शाळेत जायला लागली की या." काशिरामला ते पटलं. शाळा सुरू झाली तेव्हा तो लाल दप्तर घेऊन गेला. दारात पोरगी उभी होती, कुंदनच्या मागे सरकली आणि म्हणाली, "आई, हा कोण?" काशिरामने दप्तर कुंदनच्या हातात दिलं, बोटीची वेळ झालीय असं काहीतरी सांगितलं आणि जिना उतरला. त्यानंतर तो त्या घरात गेला नाही. लग्नाकार्यात भेट व्हायची. मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून रिया त्याच्याकडे बघायची. तो कोण आहे हे तिला पुढे कळलं होतं. कोळीवाड्यात अशी गोष्ट झाकून राहत नाही. पण बोलणं "कसे आहात", "बरं हाय" याच्यापुढे कधी गेलं नाही.

आणि आता दिवाळी झाल्यावर एका रविवारी तो डबा खांद्यावर घेऊन त्या इमारतीचे जिने चढत होता. कुंदनला त्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं की कॉलेजचं काम आहे, गच्ची हवी आहे. तिने दार उघडलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि खिळ्यावरची किल्ली काढून दिली.

"सेक्रेटरीला मी सांगितलंय," ती म्हणाली. "माश्या चावनार नाय ना कुनाला?"

"नाय. या चावत नायत. मुठीत आवळली तरच डंख."

"चहा ठेवते."

"नको. गाडी हाय." गाडीला दीड तास होता.

त्याने डबा पूर्वेकडे तोंड करून लोखंडी खांबाला बांधला. दोराची गाठ अशी मारली की वाऱ्याने हलू नये, आणि तारेला आणि खांबाला बोटभर ग्रीस फासलं, मुंग्या चढू नयेत म्हणून. मग दर रविवारी सकाळी पनवेलहून उरणची एस.टी. पकडून तो यायला लागला. चारही जागा मिळून जेवढा वेळ जाई, तेवढा या पाचव्या जागेवर जायचा.

तिसऱ्या रविवारी पहिली माशी आली. काळपट, पोटाखाली सोनेरी लव असलेली. रिया त्याच वेळी कपड्यांची बादली घेऊन वर आली होती. तेवीस वर्षांची, उंच, भामासारखं कपाळ. द्रोणागिरीतच एका कंपनीत कंटेनरची कागदपत्रं बघायची, आठवड्यातून एकच सुट्टी. तिने दोन चादरी वाळत घातल्या आणि मग त्याच्या मागे, चार हात अंतरावर येऊन उभी राहिली.

"काय बघताय?"

"थांब. आता येईल."

माशी आली ती पोटाखाली हिरवा तुकडा धरून. गुलाबाच्या पानाचा, कात्रीने कापल्यासारखा लांबट गोल. नऊ नंबरच्या नळीत ती शिरली.

"हे पान? गुलाबाची पानं ही कापते?" रिया कुंडीकडे वळली. पानापानाला अर्धचंद्र कापलेले होते. "आईला वाटलं अळी पडलीय. औषध मारणार होती."

"मारू नको म्हनावं."

मग त्याने सांगितलं. मॅडमकडून शिकलेलं आणि स्वतः बघितलेलं, मिसळून. पानांचे तुकडे एकात एक गुंडाळून ती नळीच्या तळाशी एक वाटी करते. मग फुलांवर फेऱ्या मारून पराग आणि मध आणते, वीस फेऱ्या, कधी तीस, त्याचा गोळा करते. त्या गोळ्यावर एक अंडं. मग गोल पानांनी झाकण लावते. त्याच्यापुढे दुसरी वाटी. अशा सहा-सात, एकामागे एक. तळाशी मुली, तोंडाकडे मुलगे.

"तिला कसं कळतं मुलगी होणार की मुलगा?"

"तिच्या हातात असतं म्हनतात मॅडम."

"आणि मग पिल्लं बाहेर आली की?"

"ती नसते तोवर. तिचं आयुष्य महिना-दीड महिना. पिल्लांना बाहेर यायला या थंडीत दीड-दोन महिने लागतात. भेट होत नाय."

रिया चादरींकडे वळली. चिमटे लावून खाली गेली. पण पुढच्या रविवारी ती कपडे नसताना वर आली.

तिला त्या माशीचं वेड लागलं असं म्हणायला हरकत नाही. कामावर जाण्याआधी दहा मिनिटं ती गच्चीवर जायची, फेऱ्या मोजायची आणि काशिरामच्या फोनवर पाठवायची. "९ नंबर. ७.४० ते ७.५० दोन फेऱ्या. पोट पिवळं." काशिराम ते मेसेज मॅडमच्या वहीत उतरवायचा आणि मूळ मेसेज पुसायचा नाही. एकदा तिने टोकदार शेपटीच्या एका माशीचा फोटो पाठवला, जी नळीच्या आसपास घुटमळत होती. काशिरामने लगेच फोन केला. तिला त्याने फोन करण्याची ती पहिलीच वेळ.

"ती चोर हाय," तो म्हणाला. "आपली फुलांवर गेली की ती आत जाते, सोताचं अंडं घालते. तिचं पिल्लू आदी निघतं आनि हिच्या पिल्लाचं सगळं खातं."

"मग मी हाकलू?"

"मॅडम म्हनतात हाकलायचं नाय. जे होतं ते बघायचं."

"पण मी एकदा हाकललं."

"बरं केलंस," काशिराम म्हणाला, आणि वहीत ते लिहिलं नाही.

ती त्याला कशाने हाक मारत नसे. काका नाही, अहो नाही, सरळ मधूनच बोलायला सुरुवात करायची. काशिरामच्या ते लक्षात आलं होतं. तो एस.टी.त बसला की गव्हाण फाट्यापर्यंत तिचं बोलणं मनात परत परत ऐकायचा, आणि जिथे हाक यायला हवी होती तिथे दर वेळी अडायचा.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो जरा उशिरा, संध्याकाळचा आला. बावीस नंबरच्या रिकाम्या नळीत एक माशी तोंड बाहेर काढून बसली होती. तोंडावर पांढुरकी लव.

"ही नवीन?" रियाने विचारलं.

"हा नर हाय."

"नर काय करतो?"

मॅडमनी वर्गात हा प्रश्न मुलांना विचारला होता तेव्हा काशिराम मागे काचा पुसत होता. उत्तर त्याला पाठ होतं. "काय नाय करत. मादीशी गाठ पडली की त्याचं काम संपलं. घर बांधत नाय, खानं आनत नाय."

"मग हा इथे का बसलाय?"

"रात्रीपुरता. झोपायला." तो नळीजवळ वाकला. "पन मी कालेजातपन बघितलंय. असा बसला की शेजारच्या नळीवर मुंगी येत नाय. मॅडमना विचारलं मी, तो राखन करतो का म्हनून."

"काय म्हणाल्या?"

"नाय म्हनाल्या. योगायोग हाय म्हनाल्या."

रिया कठड्याला टेकून उभी होती. खाली ट्रेलरची रांग सिग्नलला खोळंबली होती. तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही का नाही आलात कधी?"

काशिरामला वाटत होतं की हा प्रश्न येणार. कोणत्या शब्दांत उत्तर द्यायचं हे त्याने कितीदा तरी ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "कुंदन म्हनाली व्हती येऊ नका म्हनून. तू रडायचीस."

"आई म्हणाली?"

"हां."

रियाने मान हलवली आणि ती खाली गेली. पुढचे दोन रविवार ती वर आली नाही. मेसेजही थांबले. नऊ नंबरमध्ये आता पाचवी वाटी चालू होती. काशिराम एकटा बसून फेऱ्या मोजायचा, आणि जिन्यात पाऊल वाजलं की आकडा चुकायचा.

मग एका बुधवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"बिल्डिंगमध्ये दोघांना डेंग्यू झालाय. उद्या सकाळी नऊला सगळीकडे धूर मारणार आहेत. गच्चीवर पण. डबा हलवायचा का?"

"हलवू नको," काशिराम म्हणाला. "आता दुपारी हलवलास तर ती बाहेर असंल. परत आल्यावर तिला घर सापडायचं नाय. तिला जागा पाठ असते, नळी नसते. संध्याकाळी ती आत आल्यावर बघू. मी येतो."

तो मॅडमना सांगून निघाला. साडेपाचला गच्चीवर पोचला तेव्हा रिया कामावरून अर्धा दिवस काढून आधीच येऊन बसली होती. दोघं डब्यासमोर बसली. ऊन उतरत गेलं. पावणेसहाला माशी शेवटचा तुकडा घेऊन आली, आत गेली, बराच वेळ आत खुडबुड झाली, आणि मग ती उलट फिरून नळीच्या तोंडाशी येऊन बसली. काळं तोंड दिसत होतं, मिशा हलत होत्या.

"आता," काशिराम म्हणाला. रियाने कापसाचा बोळा त्याच्या हातात दिला. त्याने तो अगदी सैल, हवा जाईल असा नळीत बसवला. मग गाठ सोडली आणि डबा दोन्ही हातांनी, पाणी भरलेलं भांडं न्यावं तसा, जराही न कलवता जिन्याने खाली आणला. वाटीतला गोळा पातळ असतो. हिसका बसला तर अंडं बुडतं. रिया पुढे पुढे दिवे लावत गेली.

"कुठं थंड जागा हाय?" त्याने कुंदनला विचारलं. "थंडीत ती गप बसंल. नायतर आत धडपडंल."

कुंदनने स्वयंपाकघरात माठाशेजारची जागा रिकामी करून दिली. वर ओलं फडकं टाकलं. काशिराम हात धुऊन निघायला लागला तेव्हा ती म्हणाली, "जेवून जा, दाजी. बोंबलाचं कालवण हाय."

या वेळी गाडीचं कारण त्याला सुचलं नाही. दीनानाथ दुसऱ्या पाळीला बंदरात गेला होता. रिया सेक्रेटरीकडे गेली होती, धूर मारणाऱ्यांची वेळ पक्की विचारायला. काशिराम पाटावर बसला. कुंदनने भाकर वाढली आणि समोर बसली.

"रियाला काय सांगितलंत तुमी? मी येऊ दिलं नाय म्हनून?"

काशिरामचा हात थांबला.

"मी म्हनाले व्हते, ती शाळेत जाईपर्यंत," कुंदन म्हणाली. "तेवढंच. म्हनाले व्हते ना?"

"हां."

"पुढं का नाय आलात?"

"आलो व्हतो. दप्तर घेऊन. तिनं विचारलं, हा कोन म्हनून."

"पोर हाय, विचारनारच. तुमी सांगायचं व्हतं कोन ते. मी तोंड उघडनार तवर तुमी खाली." कुंदनचा आवाज चढला नव्हता, पण ती ताटाकडे बघून बोलत होती. "दर गनपतीला मी एक पान जास्त मांडायची. हे विचारायचे, कोनासाठी. चार-पाच वर्सांनी विचारायचे थांबले. पोरगी माझी हाय, दाजी, ते कुनी काढून घेनार नाय. पन ती पंधरा दिवस माझ्याशी धड बोलली नाय. हे मी नाय सोसनार."

काशिरामने भाकर संपवली. रिया परत आली तेव्हा तो चपला घालत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि दुपारी पुन्हा आला. धूर सकाळीच मारून झाला होता, गच्चीवर अजून वास होता. त्याने बादल्या भरभरून पाणी आणलं, खांब धुतला, कठडा धुतला, गुलाबाची पानं एकेक करून पुसली. माशी तोवर माठाशेजारी होती. कुंदन दोनदा फडकं ओलं करून गेली होती. शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, तो आणि रिया डबा वर घेऊन आले. त्याने तो त्याच जागी, त्याच तोंडाने, पहिल्या गाठीच्या खुणेवर बांधला. कापूस काढायच्या आधी तो थांबला.

"रिया, मी तुला खोटं सांगितलं."

तिने बघितलं.

"तुझ्या आईनं अडवलं नव्हतं. शाळेपर्यंत थांबा म्हनाली, तेवढंच. ती बरोबर व्हती. पुढं मीच नाय आलो. भ्यालो."

"कशाला?"

"तू परत विचारशील, हा कोन म्हनून."

"मी विचारलंच होतं," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर. मग दुसरीत असताना विचारलं. चौथीत विचारलं. आईने दर वेळी खरं सांगितलं. मी म्हणायचे, मग ते येत का नाहीत? त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं."

काशिरामने कापूस काढला.

माशी लगेच बाहेर आली नाही. ऊन नळीच्या तोंडावर पडेपर्यंत दोघं तशीच उभी राहिली. मग ती तोंडाशी आली, थोडा वेळ पंख हलवत बसली, उडाली, आणि डब्यासमोर तोंड करून हवेत डावीकडून उजवीकडे झोके घेतले. आधी लहान, मग मोठे. जागा पुन्हा पाठ करत होती. मग बोगनवेलीवरून पलीकडे गेली.

"येईल?" रियाने विचारलं.

"माहीत नाय."

सव्वीस मिनिटं झाली. काशिरामने घड्याळ बघितलं नाही, रियानेच नंतर सांगितलं. माशी आली तेव्हा तिचं पोट परागाने पिवळं होतं. रियाने काशिरामचं मनगट धरलं आणि माशी आत गेल्यावर सोडलं.

सात वाट्या झाल्या. आठवी तिने रिकामीच ठेवली, आत काही न घालता, आणि मग नळीचं तोंड पानांच्या गोल चकत्यांनी बंद करायला लागली. एकावर एक, बारा-पंधरा चकत्या. मॅडम म्हणाल्या, ती रिकामी जागा चोरासाठी; बाहेरून भोक पाडून आला तर त्याला आत काही सापडत नाही. नाताळच्या आसपास एके दिवशी रियाचा मेसेज आला, "आज दिसली नाही." दुसऱ्या दिवशी, "आजही नाही." तिसऱ्या दिवशी तिने लिहिलं नाही.

त्या रविवारी ती गच्चीवर होती. म्हणाली, "मला गुजरातला, मुंद्र्याला पाठवतायत. कंपनीचं नवीन ऑफिस आहे तिथे. पगार बरा आहे. सात जानेवारीला निघायचं."

"किती दिवस?"

"दोन वर्षं तरी."

काशिराम म्हणाला, "चांगलं हाय." मग म्हणाला, "तिकडं थंडी असंल. जाडं काहीतरी घे." त्याला एवढंच जमलं. ती गेली त्या दिवशी तो स्टेशनवर गेला नाही. कुंदन आणि दीनानाथ पोचवायला जाणार होते, आणि ती जागा त्यांची होती असं त्याला वाटलं. पण या वेळी त्याने तसं तिला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं. "मी येत नाय. का ते तुला माहीत हाय." ती म्हणाली, "हो." आणि फोन ठेवला नाही.

जानेवारी सरताना मॅडमनी सगळे डबे कॉलेजात आणायला सांगितले. काशिरामने द्रोणागिरीचा तेवढा राहू देण्याची परवानगी मागितली. मॅडमनी ती दिली, आणि याही वेळी त्यांनी काही विचारलं नाही. तो रोज संध्याकाळी कॉलेज सुटलं की उरणची गाडी पकडायचा. आधी कुंदनकडे चहा, मग गच्ची. गच्चीवर वाळत घातलेले कपडे आता कमी असायचे.

फेब्रुवारीच्या चार तारखेला सकाळी, रजेच्या दिवशी, नऊ नंबरच्या चकत्यांना आतून छिद्र पडलं. आधी एक नर बाहेर आला, पांढऱ्या तोंडाचा. तासाभराने दुसरा. दोन दिवस गेले. मग तळाकडच्या निघाल्या, तीन माद्या. सातातल्या पाच. दोन वाट्यांचं काय झालं ते मॅडमनी नळी चिरून बघितलं: एकीत बुरशी, एकीत चोराचं पिल्लू. शेवटची मादी नळीच्या तोंडाशी बराच वेळ बसली होती. अंगावरची लव ओलसर, चिकटलेली. ती उडेपर्यंत काशिरामने फोन धरून ठेवला. चित्र थोडं हललं होतं, पण दिसत होतं. त्याने ते रियाला पाठवलं.

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. काशिराम विभागात काचेच्या बरण्या पुसताना फोन बाजूला उताणा ठेवायचा. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिचाच फोन आला.

"व्हिडिओ बघितला," ती म्हणाली. "इथे नेट नसतं रूमवर. ऑफिसात सगळ्यांना दाखवला. कुणाला काही कळलं नाही."

"बरी हायस?"

"बरी आहे. जेवण गोड असतं सगळं. मासे मिळतात, पण करायला जागा नाही."

"शिमग्याला येशील?"

"सुट्टी नाही. नवीन आहे ना मी." पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं, ती "आले" म्हणाली. "बघू. उन्हाळ्यात वगैरे. तुम्हीच या कधीतरी."

कधीतरी, असं ती सहज म्हणाली. काशिराम उठला आणि प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. बागेतल्या डब्याच्या जागी आता नुसता खांब होता.

"कधी?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"कधीतरी नको. दिवस सांग. मी रजा टाकतो."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"मार्चच्या बावीसला शनिवार आहे," रिया म्हणाली. "शनिवार अर्धा दिवस, रविवार पूर्ण मोकळा. पण गाडी इथपर्यंत येत नाही. गांधीधामला उतरावं लागतं, तिथून बस. मी घ्यायला येईन. दुपारी पोचणारी गाडी घ्या, रात्री पोचणारी नको."

"बावीस," काशिराम म्हणाला. त्याने खिशातलं पेन काढलं आणि जवळ कागद नव्हता म्हणून तळहातावर लिहून घेतलं.